आठवीच्या वर्गात कांद्याचे भाव : कॉम्प्युटर शिकवताना विचार करायला कसं शिकवायचं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सध्या पालकसभा असो की स्टाफरूम, विषय एकच : एआय आलंय, मुलांना आत्तापासून तयार करा. नाशिकला कॉलेज रोडने गेलं की कोडिंग आणि रोबोटिक्सच्या पाट्याच पाट्या दिसतात. सीबीएसईने २०१९ मध्येच नववीला एआय हा ऐच्छिक विषय दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे. दिशा ठरलेली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्गात उभं राहून नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

आमच्याकडे संगणक कक्ष आहे. मुलं पेंटमध्ये घर काढतात, वर्डमध्ये नाव टाइप करून रंग बदलतात, तास संपतो. यातून बटणं कळतात, आणि दोन वर्षांत बटणंही बदलतात. म्हणून या वर्षी आठवीला वेगळं काम दिलं. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक बाजार समितीची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतात. त्यातला लासलगावचा कांदा घ्यायचा, एक्सेलमध्ये भरायचा आणि त्याला प्रश्न विचारायचे. वर्गातल्या बहुतेक घरांत कांदा पिकतो, नाहीतर कुणीतरी मार्केटला हमालीला, मापाडी म्हणून किंवा ट्रॅक्टरवर आहे. विषय समजावून सांगावा लागला नाही.

पहिला प्रश्न पहिल्याच तासाला आला आणि तो माझ्या मनातही नव्हता. "मॅडम, रविवारी लिलाव नसतो, मग तिथे शून्य लिहू का?" अर्धा वर्ग म्हणाला शून्य, अर्धा म्हणाला रिकामं ठेवू. मी उत्तर न देता दोन्ही करून बघायला सांगितलं. एक्सेलचं सरासरीचं सूत्र रिकामा चौकोन सोडून देतं, शून्य मात्र मोजतं. शून्य भरलेल्या गटाची महिन्याची सरासरी धाडकन खाली आली. एक मुलगी म्हणाली, "शून्य म्हणजे कांदा फुकट गेला. रिकामं म्हणजे लिलावच झाला नाही." माझ्या मते त्या तासाला त्या मुलीला विदा (डेटा) म्हणजे काय ते कळलं. मग सगळे कामाला लागले की कुठला दिवस का रिकामा आहे : दिवाळी, अमावास्या, संप.

दुसरा प्रश्न सरासरीचा. फळ्यावर पाच ट्रॉल्यांचे क्विंटलमागचे भाव लिहिले : ८००, १२००, १२५०, १३००, २६००. सरासरी १४३० येते. मी विचारलं, किती शेतकऱ्यांना १४३० किंवा जास्त मिळाले? फक्त एकाला. चौघं सरासरीच्या खाली! मधला भाव १२५०, तोच वस्तुस्थितीच्या जवळचा. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जण : "पण मॅडम, २६०० वाली गाडी पिकअप असेल तर?" म्हणजे माल कमी. मग चार ट्रॉल्या २५ क्विंटलच्या आणि पिकअप १० क्विंटलची धरली. वजनानिशी सरासरी आली साधारण १२७०. हे पुस्तकात भारित सरासरी म्हणून केव्हातरी येईल, पण या मुलाला त्याची गरज आठवीतच पडली. शाळेत चाचणीला २० पैकी ७ मिळवणारा मुलगा आहे तो.

माझं म्हणणं असं की तंत्रज्ञान आणि विचार हे दोन वेगळे तास नाहीत. मुलाला खरंच ज्याचं उत्तर हवंय असा प्रश्न हातात असला, की तो साधन पटकन शिकतो आणि ते साधन खोटं कधी बोलू शकतं हेही शिकतो. तुमच्याकडे काय करता? कुणी असं काही केलं असेल तर तपशिलात लिहा.

---

सातपूर_सेटर

मॅडम, मनापासून अभिनंदन. मी सातपूरला सीएनसी टर्निंगच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथच्या, युनिटमध्ये आहे. नव्या पोरांना शिकवायचं काम माझ्याकडेच असतं. आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग, सगळी येतात. मशिन हाताळायला पोरं हुशार आहेत, स्क्रीनला घाबरत नाहीत. अडतं कुठे ते सांगतो.

ड्रॉइंगवर शाफ्ट २५ मिलीमीटर, टॉलरन्स अधिक शून्य, उणे ०.०२. म्हणजे जॉब २४.९८ ते २५.०० मध्ये बसला पाहिजे. पहिला पीस मायक्रोमीटरवर २५.०३ आला. मी विचारतो, आता एक्सला ऑफसेट (व्यासातली दुरुस्ती) किती द्यायचा? बरीच पोरं म्हणतात उणे ०.०३. गणित बरोबर आहे, पण त्याने तुम्ही थेट वरच्या कडेवर जाऊन बसता. टूल जरा झिजलं की पुढचा पीस बाहेर. मधोमध २४.९९ धरायचं आणि उणे ०.०४ द्यायचं. दुसरी गोष्ट, जॉब मोठा राहिला तर अजून एक कट घेता येतो, लहान झाला तर भंगार. म्हणजे दोन्ही बाजूंची चूक सारखी महाग नाही. हे ज्याला आपणहून सुचतं तो वर्षभरात सेटर, म्हणजे मशिन लावून देणारा, होतो. ज्याला सुचत नाही तो पाच वर्षांनीही सायकल स्टार्टचं बटण दाबत असतो.

आता तर प्रोग्रॅम सॉफ्टवेअरच बनवून देतं. तरी जी-झिरोची जलद चाल (कट न घेता टूल वेगाने सरकतं ती) जॉबच्या किती जवळ आणायची, हे वाचून समजणारा माणूस लागतोच. नाहीतर टूल जॉबवर आपटतं आणि स्पिंडलचा खर्च निघतो. तुमच्या त्या पिकअपवाल्या मुलाला शिकून झाल्यावर आमच्याकडे पाठवा, मी गंमत करत नाही.

---

पेठचा_मास्तर

ताई, उपक्रम आवडला, पण दुसरी बाजू मांडतो. माझी शाळा पेठ तालुक्यात, जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. टॅब्लेट आले होते, ते कपाटात आहेत, कारण रेंज टेकडीवर गेल्यावर येते. मुलं घरी कोकणा बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना अर्धी परकी. दिवाळीनंतर कितीतरी आईबाप दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात, सोबत मुलंही जातात. ती परत येतात तेव्हा मागचं विसरलेली असतात.

असर म्हणजे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी. तिचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. त्यात साधारण पाव मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा परिच्छेद सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्यांहून कमी मुलांना जमलं. अशा वेळी एआय, कोडिंग म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आधी वाचन, आधी भागाकार.

तरी विचार करायला शिकवायला वीज लागत नाही, हे मात्र मी करून पाहतो. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या लोकांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ तयार केलेत, फुकट मिळतात. त्यातला एक आम्ही अंगणात खेळतो. खडूने जमिनीवर रेषांचं जाळं काढायचं, सहा मुलं एका टोकाला, प्रत्येकाच्या हातात एक संख्या. रेषेने पुढे गेल्यावर गोल लागतो, तिथे दोघं भेटतात. लहान संख्येवाला डावीकडे, मोठा उजवीकडे. शेवटी पोहोचतात तेव्हा सगळे आपोआप चढत्या क्रमाने उभे! पहिल्यांदा झालं तेव्हा मुलांनी परत परत करायला लावलं, कारण त्यांचा विश्वासच बसेना. चौथीतल्या एकीने विचारलं, "गुरुजी, दोघांकडे सारखीच संख्या असली तर?" मग सगळ्यांनी मिळून नियम ठरवला. नंतर संख्यांऐवजी शब्द दिले, बाराखडीच्या क्रमाने. ज्या मुलाला वाचायचा कंटाळा होता तोही डोळे ताणून चिठ्ठी वाचत होता, कारण त्याने चुकीचं वळण घेतलं तर अख्खी रांग बिघडणार होती.

---

खडूफळा

@सातपूर_सेटर दादा, "दोन्ही बाजूंची चूक सारखी महाग नाही" हे मी उद्याच वर्गात वापरणार आहे. आमच्याकडे चाळीत साठवलेला कांदा आज विकायचा की थांबायचं, याला ते तंतोतंत लागू पडतं. थांबलं आणि भाव चढला तर फायदा, पण सडला तर हातात काहीच नाही.

@पेठचा_मास्तर, सर, तुम्ही "आधी वाचन" म्हणता आणि पुढच्याच परिच्छेदात खेळातून वाचन करून घेतलेलं सांगता. मला तुमचा दुसरा परिच्छेद जास्त पटतो. माझ्या वर्गातही भागाकार न येणारी आठवीची मुलं आहेत. एकूण रक्कम भागिले एकूण क्विंटल करायची वेळ आली तेव्हा तीच मुलं शेजारच्याला विचारून शिकली. आधी पाया पक्का आणि मग विचार अशी रांग लावली तर आपल्या मुलांचा नंबर कधीच येणार नाही.

---

गंगापूररोडची_आई

मी शिक्षक नाही, दोन मुलांची आई आहे. इथली चर्चा वाचून बरं वाटलं, पण पालकांची अडचणही समजून घ्या. आमच्या ओळखीतली सगळी मुलं कुठल्या ना कुठल्या कोडिंग क्लासला जातात. आपलं मूल मागे पडेल ही भीती रात्री झोपू देत नाही. आम्हीही मोठ्या मुलाला एका ऑनलाइन क्लासला घातलं. फी भरपूर होती. त्याने गेम बनवला, आम्ही सगळ्यांना दाखवला. नंतर मी म्हटलं, यातल्या मांजराला उडीऐवजी गोल फिरायला लाव, तर त्याला येईना. समोर दिसेल तसं ओढून लावलं होतं.

शिष्यवृत्ती परीक्षेला बुद्धिमत्ता चाचणी असते, म्हणून वाटलं तिथे तरी विचार होत असेल. पण तिथेही गाइडमधले प्रकार पाठ. आरशातली आकृती आली की ही युक्ती, दिनदर्शिकेचा प्रश्न आला की ती युक्ती. धाकटी पाचवीत आहे, तिला पाठ झालंय, पण का ते विचारलं की गप्प. घरी आपण नेमकं काय करू शकतो? आमच्याकडे कांदाही नाही आणि लेथही नाही.

---

सातपूर_सेटर

ताई, घरी वीजबिल येतं ना? ते तिच्या हातात द्या. युनिट वाढले की दर कसा टप्प्याटप्प्याने बदलतो ते बिलावरच छापलेलं असतं. तिला विचारा, गिझर रोज पंधरा मिनिटं कमी लावला तर किती वाचतील? दोन किलोवॅटचा गिझर पंधरा मिनिटं म्हणजे अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. आणि ते पंधरा युनिट कुठल्या टप्प्यातून वजा होतील, वरच्या की खालच्या? इथे पोरं अडकतात आणि इथेच मजा आहे. नंतर मोबाइलवर शीट बनवून पुढच्या महिन्याचा अंदाज मांडायला सांगा आणि बिल आलं की ताडून बघा.

---

कॉम्प_तिसरंवर्ष

मी नाशिकमध्येच कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतेय. एआयबद्दल इथे अजून कुणी मुद्द्याचं लिहिलं नाही, म्हणून लिहिते. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी आलं, तेव्हा मी शाळेत होते. म्हणजे माझ्या बॅचचं शिक्षण काही त्याच्या आधीचं, काही नंतरचं. आमच्यात असाइनमेंट सगळेच त्यावर करतात. फरक तोंडी परीक्षेत दिसतो. "ही ओळ काढली तर काय होईल?" एवढं विचारलं की वर्गाचे दोन भाग पडतात.

माझा चुलत भाऊ सातवीत आहे, इगतपुरीला. नद्यांवरचा प्रकल्प होता, त्याने एका एआय अॅपला दारणा नदीबद्दल विचारलं. अगदी शुद्ध, छान मराठीत उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की दारणा पश्चिमेला वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळते. तो उतरवून घेणार होता. मी चूक सांगितली नाही, फक्त म्हटलं, हे खरं की खोटं ते इंटरनेट न वापरता ठरव. बराच वेळ बसला. मग म्हणाला, "पाऊस कमी झाला की दारणाचं पाणी जायकवाडीला सोडू नका म्हणून बातम्या येतात. जायकवाडी पैठणला. पैठण पूर्वेला. म्हणजे दारणा पूर्वेला वाहते, गोदावरीत जाते." मग त्याने नकाशात बघून खात्री केली.

मला वाटतं आजच्या मुलाला लागणारं सगळ्यात मोठं कौशल्य हेच. ही अॅप्स आतून काय करतात, तर प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कुठला शोभेल याचा अंदाज बांधतात. नदी बघून ती उत्तर देत नाहीत. मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा खूप कमी, त्यात इगतपुरीबद्दलचा आणखी कमी. त्यामुळे दिल्ली, लंडनबद्दल ती जेवढी बरोबर असतात तेवढी आपल्या गावाबद्दल असतीलच असं नाही. आपल्या मुलांना म्हणून तपासायची सवय जास्त हवी. शाळेत एआयला बंदी घालण्यापेक्षा एआयचं उत्तर छापून वाटा आणि त्यातली चूक पुराव्यासकट शोधायला लावा. जे बरोबर असेल तेही कशावरून बरोबर ते लिहायला लावा.

---

ओझरकर

एचएएलमधून निवृत्त झालोय. विमानाच्या कामात एक शिस्त असते. ज्याने बोल्ट आवळला त्यानेच तपासून सही करायची नाही, दुसरा माणूस तपासतो. या मुलीने भावाला तेच शिकवलं, आनंद वाटला.

पण मोबाइलबद्दल मला काळजी आहे आणि ती मी बोलणार. २०२४ च्या असरमध्ये १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांचे आकडे आहेत. ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. तंत्रज्ञान शिकवतो म्हणून आपण हातात देतो ते यंत्र मुलाचं लक्ष खेचून घेण्यासाठीच बनवलेलं आहे. एका जागी तासभर बसून एक गोष्ट पुरी करता आली नाही तर विचार कसला करणार? माझ्या मते पाचवीपर्यंत पेठच्या गुरुजींचा खडूचा मार्गच बरा. त्यानंतर संगणक द्या, पण टेबलावरचा, सगळ्यांना पडदा दिसेल असा.

---

पेठचा_मास्तर

ओझरकर काकांशी शंभर टक्के सहमत. कॉम्प ताई, ते छापून वाटायचं मला जमेल, त्याला रेंज लागत नाही. तालुक्याला गेलो की उत्तर काढून आणेन. पेठच्या दमणगंगेवर विचारून बघतो, ती मात्र खरोखरच अरबी समुद्राला मिळते. काय उत्तर येतं ते इथे टाकतो.

---

येवल्याहून

खडूफळा मॅडम, मीही गणित शिकवतो. दोन शंका आहेत. आमच्याकडे चालू संगणक एकच आहे आणि वर्गात साठच्या वर मुलं. दुसरं, भाव हा विषय नाजूक आहे. निर्यातबंदी, सरकार, राजकारण, सगळं वर्गात येणार. पालक, संस्थाचालक काय म्हणतील? आणि वेळ कुठून काढता?

---

खडूफळा

सर, वेळेचं आधी सांगते. धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. बहुतेक ठिकाणी ते सहलीत किंवा चित्रकलेत जातात. आम्ही त्यातला एक दिवस लासलगावला लिलाव बघायला वापरला. बाकीचं सांख्यिकीच्या प्रकरणाच्या तासांतच बसवलं, ते प्रकरण वेगळं शिकवावं लागलं नाही.

राजकारण येतं, आणि येऊ द्यावं असं माझं मत झालंय. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती ४ मे २०२४ ला उठली. आलेखात त्या डिसेंबरात भाव कोसळलेला मुलांना दिसलाच. एका मुलाने रागाने सांगितलं, "बंदीमुळे पडला, आमच्या पप्पांचं नुकसान झालं." दुसरीची मावशी नाशिकरोडला राहते, ती म्हणाली, "पण त्याआधी मावशीला कांदा परवडत नव्हता." मी कुणाचीच बाजू घेतली नाही. एवढंच विचारलं : डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढते, मग उतार बंदीमुळे किती आणि आवकेमुळे किती, हे कसं ठरवाल? मुलांनी आधीच्या वर्षांचे डिसेंबर काढले, शेजारी शेजारी ठेवले. २०२३ चा उतार जास्त उभा होता, आणि तो बंदीच्या तारखेलाच सुरू झाला होता, हे त्यांनी दाखवलं. रागावलेल्या मुलाचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं, पण आता त्याच्याजवळ पुरावा होता. पुढच्या पालकसभेत त्याच्या वडिलांनी तो आलेख मागून घेतला. तक्रार कुणी केली नाही.

एका संगणकाचं असं करा. भाव मुलांनी वहीतच उतरवायचे, गटाला एक महिना, आणि आलेख कागदावर काढायचे. संगणकावर बसायच्या आधी प्रत्येक गटाने दोन गोष्टी लिहून द्यायच्या : आपला प्रश्न काय आणि आपल्याला उत्तर काय येईल असं वाटतं. मग गटाला पंधरा मिनिटं पडदा. अंदाज आधी लिहिलेला असला की मुलं उत्तर डोळे झाकून मान्य करत नाहीत, सूत्र परत तपासतात. टाइप करायला प्रत्येक वेळी वेगळं मूल बसवा, नाहीतर घरी लॅपटॉप असलेलाच कायम माउस धरून ठेवतो आणि मुली मागे उभ्या राहतात. हे मात्र कटाक्षाने पाळा.

तुमच्याकडे येवल्याला कांदा आहेच, शिवाय पैठणीही आहे. एका पैठणीला किती दिवस लागतात, रेशमाला किती, मजुरी किती, हे मुलांना घरूनच विचारून आणता येईल. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, माझी कोरी शीट आणि गटांचे प्रश्न पाठवते. निरोपात वर्गाची पटसंख्या लिहा, म्हणजे गट कसे पाडायचे तेही सांगते.